ये माय, उसासी बस

मी धिवराची लेक, गुरुजी. सडक अर्जुनीकडं माह्या बापाचं गाव, तलावातली मच्छी अना सिंगाडे याच्यावर आमी वाढलो, अना लगन होऊन आली ते इकडं बिरसीच्या बाजूनं, जिथं आता गोऱ्या सायबानं इमानाचं मैदान केलं ना, त्याच्या अलीकडं. सासूच्या हाताखाली मुरमुऱ्याची भट्टी धरली, रेती तापवा, चावल टाका, हलवा, चारनीनं चारा, साऱ्या जिंदगीत माह्या लुगड्याले धुपटाचाच वास. मंग मालक गेला, मंग सून गेली, बारक्याच्या बारतपनात गेली. पोरगा गोंदियाले रेल्वेत हमाल, कदीमदी येये. तिची दोन लेकरं माह्यापासी, सगुनी मोठी, साहाक वर्साची असन, अना गन्या नुकताच चालाले लागला होता.

मले देवाचं काय येते जी? पोथी नाई, मंतर नाई, सासूनं सांगितलं तेवढंच. सिवेवर नीमाखाली मातामायचं ठाना, सेंदूर लावलेले गोटे, बस. सांजी खाटेवर पडले का दोघायचे हात जोडवो अना म्हनवून घेवो, ये माय, उसासी बस, आमाले राख. सगुनी मोठी नादिष्ट, उसाजवर, डोक्यापासी, जागा सोडून निजे, मायले बसाले पुरली पायजे म्हने. गन्यालेही ढकले, सरक रे, माय कुठं बसन मंग. मले हासू येये.

त्या उन्हाऱ्यात गावात माता आली. तुमी सिकलेले लोक देवी म्हनता तिले, तेच, ताप अना आंगभर दाने. पयले पाटलाच्या आरीत आली, मंग आमच्या, अना एक दिवस गन्याच्या कपाराले दाना दिसला. दाराले नीमाचा डगाल बांधला, भट्टी इझवली, काऊन का माता घरात असली तर भाजाचं नाई, फोडनी द्याची नाई. पोरगा गोंदियाहून आला, त्यालेही म्हटलं, बाहेरूनच पाह्य अना जाय. अना लेकराले मंग नावानं हाक मारत नाई, त्यालेच माय म्हना लागते, पानी पेतेस का माय, कूस बदलतेस का माय. जा म्हनाचंच नाई तिले. रागावली तर लेकरू घेऊन जाते.

त्यातच एका सांजी सगुनीले म्हटलं, हात जोड. ते जोडेना. काऊन वो, म्हटलं. पाहते तर उसाजवरची जागा तिनं गोधडी कोंबून बुजवून टाकली होती. पोट्टी म्हनते, आजी, मीच बलावली ना तिले? रोज बलावली, जागाही करून देल्ली, अना ते गन्याच्या आंगात येऊन बसली.

मले भेव वाटलं का पोट्टी खरं बोलून राहिली, अना तिले सिकवलं तर मीच. तसं नसते वो, म्हटलं, पन माहा आवाज मलेच खोटा वाटला अना तिनं ते ओरखलं. तवापासून ते निजेचना. इकडं तापानं फनफनलेला पोट्टा, तिकडं टक्क जागी पोट्टी, अना मधात मी, हात जोडू तर कोनाले जोडू? जिचं भेव, तिलेच जोडा लागे.

एक दिवस उजाडता उजाडता गन्याचा गरा घरघरला. सगुनी उठली, त्याच्या पायाजवर गेली अना सिदी बोलली, माय, मी बलावली होती तुले, आता मीच सांगते, तुह्या ठान्यावर जाय, गन्या लहान हाये. मी झपकन तिच्या तोंडावर हात दाबला. वाटलं, आता दोघंही गेले. भुईवर नाक घासलं मी, लेकरू हाये माय, मनावर घेऊ नोको, नाक घासून घासून सोललं. अना दिवसभर माहे डोरे एकदा गन्याच्या पोटावर, हालते का नाई, अना एकदा सगुनीच्या कपारावर, दाना तर नाई निंगत.

गन्या जगला. एक डोरा गेला त्याचा, पन जगला. सगुनीले काईच नाई झालं. माय तिच्या बोलन्यानं गेली का माह्या नाक घासन्यानं गेली का जाचीच होती, मले आजबी समजत नाई.

आता सगुनीच दोन लेकराची माय झाली, माह्यापासीच राह्यते, भट्टीही तेच सांभारते. सांजी लेकरायचे हात जोडवते, पन ये नाई म्हनत. म्हनते, माय, तू तुह्या ठान्यावर सुखी राह्य, आमी आमच्या खाटेवर. लेकरं तसंच म्हनते अना बेसक झोपी जाते. पन माहं भेव अजून गेलं नाई जी, गावात कोनाले ताप आला आयकलं का लेकरायचे कपार चाचपून पाहते. मंग सारे निजले का मी उसाजवर हातभर जागा करते अना माहं जुनंच म्हनते, तोंडातल्या तोंडात, सगुनीले आयकू नाई जावं म्हनून. ये माय. लेकरायच्या खाटेकडं पाहू नोको, इकडं ये, ह्या बुडीच्या उसासी बस.