सोनकांबळे सिस्टरांचं मनगट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय गुरुपादप्पा मालक, नव्या लातूर जिल्ह्याच्या ठिकाणाहून मुद्दाम आलेले पाहुणे, व्यासपीठावरील मान्यवर, जळकोट पंचक्रोशीतल्या माताभगिनींनो, बंधूंनो आणि सत्कारमूर्ती पंचफुलाबाई सोनकांबळे सिस्टर,

डॉक्टरला भाषणाला उभं केलंत, तेव्हा थोडं वैद्यकीय ऐकून घ्यावं लागेल. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा पडतो. आपल्या म्हाताऱ्या तिथंच तपकिरीची चिमूट ठेवतात. त्या खळग्याच्या तळाशी शेंगदाण्याहून जरा मोठं एक हाड असतं. नावेसारखं दिसतं म्हणून त्याला नौकास्थी म्हणतात. आता जळकोटात नाव कुणी पाहिली, अन् तीही बहात्तरच्या दुष्काळात?

त्या दुष्काळात सिस्टर खडी फोडायच्या सरकारी कामावर बायांना तपासायला गेल्या आणि ढिगावरून घसरल्या. पडताना माणूस हात पुढं करतो, सगळा भार या हाडावर येतो. उदगीरला काढलेल्या एक्स-रे फोटोत काही दिसलं नाही. हे हाड मोठं लबाड, मोडलं तरी सुरुवातीला फोटोत सापडत नाही. मी खळग्यात बोट दाबलं, सिस्टर कळवळल्या, आणि मी अंगठ्यासकट प्लास्टर घातलं. तीन महिने काढायचं नाही, असं बजावलं. कारण या हाडाला रक्त उलटं, बोटांच्या बाजूनं येतं. मधे तुटलं की मागचा तुकडा कालव्याच्या शेवटच्या रानासारखा कोरडा राहतो आणि मरतो.

तीन महिने कसले? महिनाही झाला नव्हता. मी दुसऱ्या खडीच्या कामावर जुलाबाच्या साथीला गेलो होतो. इकडं दवाखान्यात अडलेल्या चांगुणाबाईंना बैलगाडीत घालून आणलं. मूल पोटात आडवं. प्लास्टरच्या हातानं ते फिरवणार कसं? सिस्टरांनी प्यायच्या पाण्याची घागर बादलीत ओतली, हात बुडवून प्लास्टर भिजवलं आणि कात्रीनं कापून टाकलं.

परत आल्यावर बादलीतला तो लगदा पाहून मी ओरडलोच, "अहो, हात जाईल तुमचा!"

त्या म्हणाल्या, "लेकरू गेलं, साहेब. माय हाय."

मी पुन्हा प्लास्टर घातलं. हाड जुळलं नाही. पहिलं प्लास्टर राहिलं असतं तर जुळलंच असतं, असं छातीठोक सांगता येत नाही. पण मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. सिस्टरांवर कसला रागावणार? एवढ्या मोठ्या टापूला बाळंतपणाचा हात एकच होता, याचा तो राग आहे.

त्याच मोडक्या हातानं त्यांनी पुढं दहा वर्षं बाळंतपणं केली. आता मनगट पार झिजलंय. मागच्या महिन्यात नुकतंच जन्मलेलं बाळ हातातून निसटत होतं, ते त्यांनी डाव्या हातानं सावरलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "हाताचा भरवसा राहिला न्हाई, साहेब. मला सोडा." नोकरीची वर्षं शिल्लक असताना! नव्या जिल्ह्यात मोठा दवाखाना होणार म्हणतात. जरूर व्हावा. या हाताला मात्र उशीर झाला.

चांगुणाबाई इथं समोर बसल्या आहेत. सिस्टरांना ओलं लुगडं पिळता येत नाही, म्हणून या माउली रोज सकाळी त्यांच्या घरी जाऊन पिळून देतात. परवा मला विचारत होत्या, "लोह्याला भावाकडं चालल्या त्या. तिथं कोन पिळून दील?" उत्तर तुम्हाला सुचलं तर त्यांना सांगा.

अध्यक्षांचे, संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. भाषण लांबलं असेल, काही उणंअधिक बोललो असेन, तर सांभाळून घ्या. आणि एक माफी सिस्टरांच्या वतीनं आधीच मागून ठेवतो. सत्कार झाल्यावर त्या आपल्याला जयभीम करतील. हात जोडायचे तर मनगट मागं वळावं लागतं, आणि ते आता वळत नाही. हात वर येतील, पण तळवे जुळणार नाहीत. कृपा करून कुणी वाईट वाटून घेऊ नका. हात आपण जोडू.