स्वेटर काढून काढलेला फोटो

वसमतच्या बसस्टँडवर कोवळ्या उन्हात फोटोग्राफर सुदाम बसची वाट बघत बसला होता. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

“जनका, काल तू एकटीच पोरीच्या घरी गेलतीस म्हणं?”

“व्हय, अक्का. तिचा फोटो आला तवापासून झोप न्हाई मला. हळदीच्या वावरात उभी, आन डोळे पाण्यानं भरलेले.”

“रडून राहिली होती?”

“तसंच वाटलं. म्हणलं, घरच्यांनी बळंच उभी केली असंल. अशी पोरगी सून म्हणून कशी आणावी?”

सुदामनं मफलर नाकावर ओढला. हळदीच्या वावरातला तसा एकच फोटो त्यानं गेल्या आठवड्यात काढला होता.

“मंग?”

“मंग तिला एकटीला चुलीपाशी नेलं आन इचारलं, दीक्षा, तुझ्या मनात न्हाई का? तर हसायलाच लागली. म्हणे, मावशी, फोटोवाल्यानं सकाळी सातला स्वेटर काढाय लावलं. वारं असं झोंबून राहिलं होतं की डोळ्यातलं पाणी थांबंना.”

“घ्या. म्हंजी तुझा जीव भांड्यात पडला.”

“पडला की.”

सुदामनं मफलर खाली घेतला.

“पण मी निघाले, तर तिनं माझा हात धरून ठेवला.”

“काहून?”

“म्हणली, मावशी, इतके दिवस झाले बोलणी चालू हायेत, पण मला इचारणाऱ्या तुमी पहिल्याच. आता सांगते, माझ्या मनात हाय.”