दारावरची म्हैस

नाही हो भाऊ, खोटं कशाला बोलू, हे नेपानगरला गेलेत, रात्रीशिवाय काही यायचे नाहीत. आता इंदूरहून बसचे हाल सोसत आलात तर पाणी तरी प्या, पण उपयोग नाही, आधीच सांगते. ती खुर्ची नको, तिचा एक पाय ह्यांनी कशाला तरी काढून नेलाय — हो, खुर्चीचाच पाय — इथं दाराशी दिवाणावर बसा. गरम होतंय ना? पंखा बंद आहे, लाइट गेलीय सकाळपासून. आणि मी जरा चढ्या आवाजात बोलते, राग मानू नका. भिंतीला भिंत लागून शेजाऱ्यांचे कापड विणायचे लूम आहेत. लग्न करून आले तेव्हा वाटायचं घरावरून मालगाडी चाललीय, आता कानाला कळतसुद्धा नाही, फक्त माझा आवाज तेवढा कायमचा चढून बसला. शाळेतली पोरं म्हणतात, रश्मी मॅडमला माइक नाही लागत.

तर तुमची कंपनी ह्यांना नोकरी देणार. कशाच्या जोरावर? घरी बसून वर्षभर जे केलं ते बघून? मग मला विचारा ना, माझ्याएवढं कुणी बघितलंय ते. दिवसभर शेठकडे केळीच्या गाड्या कॉम्प्युटरवर चढवायच्या आणि घरी आलं की गच्चीवरच्या खोलीत जाऊन हे उद्योग — कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही, रिकामा न्हावी आणि भिंतीला तुंबड्या. माझी सासू म्हणायची, दुसऱ्यांची पोरं दारू पितात, ती निदान बाहेर जाऊन पितात.

पाडव्याला पहिलं निघालं ते ‘बत्ती’. मोहल्ल्यात लाइट गेली की सगळ्यांच्या मोबाइलवर खबर. कसं कळणार? तर आमचा फोन भिंतीला कान लावून लूम ऐकत बसणार, लूम थांबले की समजायचं लाइट गेली. आता तुम्हीच सांगा, बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे सांगायला मोबाइल लागतो का? इथं लूम थांबले की पाळण्यातलं पोर दचकून उठतं, म्हातारी पंखा शोधते, सगळ्या गल्लीला एकदम कळतं. बरं, पुढची मजा तर ऐका. खबर जायची वायफायवरून. आणि वायफायचा डबा कशावर चालतो? लाइटवर. म्हणजे लाइट गेली की डबा बंद, लाइट आली की टिंग — ‘लाइट गेली आहे’. दोन महिने लोक ह्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे, निरंजनभाऊ, आत्ता लाइट आहे का गेली? हसताय? हसा. अशा माणसाला नोकरी देताय तुम्ही.

मग पावसाळ्यात केळी. केळीच्या घडाचा फोटो काढायचा, मोबाइल सांगणार माल एक नंबर का दोन नंबर. ह्यांनी शेठच्या गोदामात फोटो काढले, हजारभर असतील, आणि गोदामात उजेड कसला, म्हशीच्या पोटात असतो तसला. तर मोबाइल काय शिकला? सगळा माल दोन नंबर. दापोऱ्याचे कडूमामा — माझेच मामा, त्यांची केळीची बाग आहे — त्यांनी सोन्यासारखा घड समोर धरला, मोबाइल म्हणतो दोन नंबर. मामा म्हणाले, याला चष्मा लावा. पण शेठ बघा कसा खूश. शेठ म्हणाला, निरंजन, हे असंच राहू दे, दुरुस्त बिलकुल करू नको, मी विकत घेतो. बरोबरच आहे, शेतकऱ्याशी भांडायला नको, मशीनच म्हणतं दोन नंबर. आणि आमच्या ह्यांनी काय करावं? घरी येऊन जेवायच्या आधी सगळं पुसून टाकलं. सगळं. तीन महिन्यांचं काम. आणि शेठला जाऊन सांगितलं, चुकून उडालं. शेठ खुळा आहे का? दिवाळीला सगळ्या नोकरांना मिठाईचा डबा मिळाला, ह्यांना मिळाली अगरबत्ती. असा माणूस कंपनीला परवडतो का भाऊ? नाही, तुम्ही मान कशाला डोलावताय, मी तुम्हाला त्याचा तोटा सांगतेय.

तो वर डबा दिसतोय? दारावर, तोरणाच्या मागे. तो दिवाळीनंतरचा. दारात कोण आलं ते ओळखून सांगणार — ह्यांच्या फोनवर, हिंदीत, बाईच्या आवाजात. फुकटचं कुठून तरी आणलेलं डोकं बसवलंय त्यात, त्याला माणूस ओळखता येतो म्हणे, पण आमच्या गल्लीतली माणसं काही त्याच्या पुस्तकात नसावीत. दूधवाला आला, दरवाज़े पर भैंस है. पोस्टमन आला, दरवाज़े पर भैंस है. सासूबाई काळी शाल घेऊन देवळातून आल्या, आणि हे नेमके दारातच फोन घेऊन उभे, आणि तो फोन मोठ्यानं — त्या दिवसापासून सासूबाई खंडव्याला मोठ्या दिरांकडे आहेत. तसं बघितलं तर एवढा एकच उपयोग झाला म्हणायचा त्याचा. हे मी बोलले असं कुठं बोलू नका. कान पण बसवलाय त्याला, इथं बोललेलं वर ऐकू जातं, म्हणजे चोर आले तर त्यांचा बेत कळावा. चोर कुठले, सुट्टीच्या दिवशी दारात मी आणि कोथिंबीरवाली. हा माणूस वर कानात इयरफोनची बोंडं घालून बसतो आणि संध्याकाळी मला सांगतो, कोथिंबीर महाग घेतलीस. आज सुटका, लाइट नाही, नाही तर आत्तासुद्धा वर बसून — म्हणजे घरी असता तर. नेपानगरला गेलेत ना.

काय? गोदाबाईचं? ते तुम्हाला — अच्छा, तेच बघून आलात.

त्याचं काय सांगायचं. ते काही विशेष नाही. मी दापोऱ्याला शिकवते, पहिली-दुसरी. केळ्याला पोरं घरी म्हणतात केयी, पुस्तकात हिंदीत लिहिलंय केला, आणि पोर बिचारं पुस्तकाकडे असं बघतं जसं दुसऱ्याच्या घरात चुकून शिरलंय. मी एकदा रडकुंडीला येऊन घरी बोलले एवढंच. तर हा एक दिवस रजा टाकून शाळेत आला — आमच्याकडे दुपारचं जेवण रांधते ती गोदाबाई, तिला पकडलं, चुलीपुढं बसून तिच्या तोंडून सगळे शब्द भरून घेतले. मोबाइलवर केयीचं चित्र, गोदाबाईचा आवाज, मग हिंदी शब्द, पोरानं अक्षरं जुळवायची. चुकलं तर गोदाबाई ओरडणार, ‘डोये फुटले का रे?’ आणि काय झालं माहितीये? पोरं मुद्दाम चुकायला लागली. शिवी ऐकायला. सगळा वर्ग चुकतोय आणि लोळून हसतोय. मी म्हटलं, घ्या, अजून एक ‘बत्ती’. ह्यानं रात्रीतून उलटं केलं — बरोबर आलं तरच गोदाबाई शिवी देणार. भाऊ, होळीपर्यंत माझी पोरं वाचायला लागली. ज्या लोटूपुढं तीन मास्तरांनी हात टेकले होते, तो बसवरच्या पाट्या वाचत होता. मी वर्गात तोंड फिरवून उभी राहिले, रडताना दिसू नये म्हणून. डोकं आहे हो त्याच्यात. असं डोकं मी कुणाचं नाही बघितलं. शेठच्या गोदामात कुजतंय ते, हे मला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला?

पाठवलं कुणी म्हणजे? त्यानं नाही पाठवलं. तो कधी पाठवेल, त्याला लाज वाटते. मीच पाठवलं तुमच्या कंपनीला, लोटूनं पाटी वाचली त्याच दिवशी, माझाच नंबर घालून. मग तुमचे फोन आले ते मीच घेतले, आणि त्यांना नोकरीत रस नाही असं मीच सांगितलं. हो, मीच बोलावलं आणि मीच हाकलतेय. कारण मधे माझी ऑर्डर आली. एवढी वर्षं अतिथी शिक्षक, दर जूनला घेतील का नाही म्हणून जीव टांगणीला, आणि आता पक्की नोकरी, दापोऱ्यालाच. तो इंदूरला गेला तर मी काय करू, सोडू? आणि नाही सोडली तर संध्याकाळी या घरात मी कुणाशी भांडू? त्या डब्याशी? त्याला कळलं की तो एका मिनिटात म्हणेल, रश्मी, मी नाही जात. हसून म्हणेल. आणि मग जन्मभर गोदामात बसेल, कधी बोलून दाखवणार नाही. ते मला नकोय. आणि तो गेलेलाही नकोय. म्हणून त्याला कळायलाच नको, एवढं सरळ आहे ते.

काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला, लूमच्या आवाजात तुमचं काही ऐकूच —

थांबा.

लूम चालू आहेत ना हे? मग लाइट कशी गेली? पंखा तर — सकाळी स्टुलावर चढला होता, मी म्हटलं चला, जळमटं काढतोय एकदाची. पंख्याचा कंडेन्सर काढून नेला मेल्यानं, दुसरं काय. भाऊ, तोरणाच्या मागे बघा, हिरवा दिवा लागलाय का? कधीपासून? तुम्ही आलात तेव्हापासून, आणि सांगायचं नाही?

जिना वाजतोय. पळत आला असता तर निभावलं असतं, इतका हळू उतरतोय म्हणजे सगळं ऐकलंय.

तो ग्लास राहू द्या तिथंच. तुम्ही चौकात जा, मावा जलेबी खा, तासाभरानं या. हो, या म्हणतेय मी, या. पण आता उठा. दार ओढून घ्या, आणि त्या डब्याखालून जाताना एक शब्द बोलू नका.