बीमखालचे टेकू काढल्याबाबत

दिनांक २५ ऑगस्ट २०२५

मी, दर्शना गुरुप्रसाद आग्रे, वय ५२ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, राहणार मधलीवाडी, पूर्णगड रस्ता, तालुका व जिल्हा रत्नागिरी. आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती मुंबईस नोकरीला असून गणपतीला व मे महिन्यात घरी येतात. आमचे घर जांभ्या चिऱ्याचे, कौलारू आहे. ओटी व माजघर यांमधली भिंत काढून एक मोठी खोली करण्याचे आम्ही यंदा ठरवले.

आमच्या वाडीत दोन घरांची कामे अर्धवट टाकून एक ठेकेदार हातावर तुरी देऊन गेला आहे. त्यामुळे मी नीट चौकशी केली. ठेकेदार काशीराम धोंडू घडशी, वय अंदाजे ६०, याने पूर्वी बांधलेली दोन घरे मी स्वतः जाऊन पाहिली. भिंतींवर किल्ली वाजवून पाहिली. घरच्या बायकांना बाजूला घेऊन विचारले. वाईट कोणी बोलले नाही, त्याचाही मला संशय आला. त्याच्या आधार कार्डाची प्रत घेऊन मगच काम दिले.

काम चालू असताना मी डोळ्यांत तेल घालून उभी राहत असे. सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाचत असे. वाळू खाडीची नाही ना, म्हणून जिभेवर ठेवून पाहिली. ती खारट नव्हती. रोजचे फोटो पतींना पाठवले. काशीरामची बायको चिमा त्याच्याच हाताखाली काम करते. ती डबा घेऊन बाहेर पडली तरी मी डबा उघडायला लावला. तिने उघडून दाखवला. आत भाकरी होती.

दिनांक १२ ऑगस्ट रोजी भिंतीच्या जागी बीम भरला व खाली लाकडी टेकू लावले. वर माळ्याचा व कौलांचा भार आहे. आमच्या गणपतीची जागा त्याच भिंतीला लागून, म्हणजे आता बरोबर बीमखाली येते. सासऱ्यांच्या आधीपासून पाट तिथेच मांडतात, जागा बदलत नाहीत. टेकू कधी निघणार, असे मी काशीरामला विचारले. तो म्हणाला, "वयनी, यकवीस दिवस हात लावायचा नाय. पावसाची हवा हाय. बाप्पा यंदा पडवीत बसवा."

त्याने हर्णैला दुसरे काम धरल्याचे मला कळले होते. इथले काम लांबवायला तो एकवीस दिवसांची सबब सांगतो, असे मला वाटले. पतींनाही मी तसेच कळवले.

दिनांक २४ रोजी सकाळी काशीराम सामान आणायला रत्नागिरीत गेला होता. दहाच्या सुमारास ठेकेदाराच्या निरोपावरून मजूर बाबल्या याने टेकू काढून अंगणात रचले. चिमा आत झाडायला गेली. पंधरा-वीस मिनिटांनी बीम मधोमध मोडून माळ्यासह खाली आला. चिमा कमरेखाली दबली. शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढून दवाखान्यात नेले. ती अजून शुद्धीवर नाही. आपण निरोप दिला नव्हता, असे काशीराम म्हणतो. अंगाशी आल्यावर ठेकेदार असेच म्हणतात. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे.

पुरवणी : वरील मजकूर हवालदार वाचून दाखवत असताना, चौकशीसाठी बाहेर बाकावर बसवलेला काशीराम दारात येऊन मला म्हणाला, "वयनी, परवा बाप्पा यायचे. पडवी मोकळी करायला माझी दोन मानसं लावून देतो. तुमी यकट्या काय करनार." हवालदारांनी त्याला परत बसवले. त्यानंतर मी वाचन थांबवण्यास सांगितले.

निरोप काशीरामचा नव्हता. तो बाजारात गेल्याचे पाहून, "काशीरामनी टेकू काढायला सांगितलंय," असे मी बाबल्याला सांगितले. त्याने मला दोनदा विचारले. मी दोनदा हो म्हटले. चिमा अंगणात टेकू पुसत होती. पाट मांडायचा आहे, आधी झाडून घे, असे सांगून तिला आत मी पाठवले. तिने चपला दारात काढल्या, कारण देवाची जागा होती. मला फार भीती वाटते. कोणाची तक्रार करायची, ते मला आता कळत नाही. काशीरामविरुद्ध माझी तक्रार नाही.

हा जबाब मला मराठीत दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी तो खरा नव्हता. आता माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष
सही / – दर्शना गुरुप्रसाद आग्रे