फक्त महिलांची कबड्डी आणि माझी एक ओळ

मी, योगीराज दिनकरराव चारठाणकर, वय ५३ वर्षे, व्यवसाय वार्ताहर व संस्कृतच्या शिकवण्या, रा. पिंगळी, ता. जि. परभणी, समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

शेजारच्या गावी दरवर्षी महिला कबड्डी होते. खेळाडू, पंच, प्रेक्षक सर्व महिला. पुरुषांस आत मज्जाव असून ते शाळेच्या भिंतीवर बसून हा नियम पाळतात. वार्ताहर म्हणून मला फाटकाजवळ खुर्ची मिळते.

काल उपान्त्य सामन्यात विजयमाला, वय १७, हिने एकटीने अकरा गुण घेतले. तिच्या घरी मेंढ्या आहेत. केस बारीक, आवाज जाड. मी बातमीत लिहिले, ‘हा गडी महिला गटात कसा, याची आयोजकांनी खातरजमा करावी.’ ते कौतुक होते. विनोदाखाली टीप देण्याची पद्धत आमच्या दैनिकात नाही.

आज दुपारी अडीचला अंतिम सामना चालू असता गावातील सटवाजी ती बातमी मोबाइलवर दाखवीत भिंतीवरून आत उतरला. मागोमाग तीस-चाळीस पुरुष उतरले. “पेपरात आलंय. पोरींच्यात गडी घुसवलाय. तपासा!” मुलीच्या आईने, केवळाबाईने, तिला वर्गखोलीत नेऊन आतून कडी लावली.

मी म्हणालो, “अहो, थट्टा होती ती.” सटवाजी म्हणाला, “गुरुजी, तुमी शिकेलं मानूस. उगंच लिहिणार न्हाईत.” आणि त्याने मला आदराने बाजूला ढकलले. माझा चष्मा फुटला तो तेव्हा.

समोरच्या संघातली खेळाडू अपेक्षा दारात आडवी उभी राहिली. ती म्हणाली, “हरायलोत आमी, अन् तक्रार तुमची? काका, तुमाला काय बघायचंय ते सगळ्या बायांसमोर बोला की!” पुरुषांनी तिला बाजूला ओढून दारावर लाथा घातल्या. आतून मुलगी म्हणाली, “आई, मी काय केलंय?” पुढे आवाज आला नाही.

मी पोलिसांना फोन लावला. चष्मा नसल्याने तिसऱ्यांदा लागला. दार तुटले तेव्हा खोली रिकामी होती, मागची खिडकी उघडी. दोघी ज्वारीतून रेल्वे स्टेशनच्या दिशेने गेल्या. सटवाजी म्हणाला, “पळाली म्हंजी गडीच हाय.” पाच मोटारसायकली त्याच वाटेने गेल्या.

फक्त महिलांचे सामने असावेत का, असे विचारल्यावरून सांगतो की, असावेत. त्या दिवशी मुली मोकळेपणी ओरडतात. मात्र आत कोणी खेळावे हे भिंतीवरच्यांनी ठरवणे न्याय्य नाही. खुर्चीवरच्यानेही नाही.

ती मुलगीच असल्याची खात्री आहे काय, असे विचारल्यावरून सांगतो की, हाच प्रश्न मी काल छापला होता.

दोघींचा फोन बंद आहे. पुढची गाडी पावणेसहाला आहे. तोवर त्या फलाटावर उघड्यावर असतील.

जबाब मला वाचून दाखवला. सांगितला तसाच उतरला आहे. सही करतो. साहेब, माझ्यावर काय लावायचे ते नंतर लावा, आता जीप काढा.