हृदयाभोवतीची पिशवी

हृदयाच्या सोनोग्राफीसाठी मी रांगेत बसले होते. मागच्या बाकावर एक शिंपी आणि त्याची बायको बोलत होती.

"हृदयाभोवती पिशवी असते म्हणे. जंतू शिरून तुमच्या पिशवीत पू साठला होता. आणि इतकी वर्षं मला सांगत होतात, तिथे तू राहतेस!"

"तू आत होतीस गं. पू बाहेरच्या पिशवीत होता."

"किडका दात काढायला घाबरलात, तिथूनच जंतू खाली उतरले. शेवटी छातीत नळी घालून घेतलीत."

"तेव्हा मी बेशुद्ध होतो. दात काढताना माणूस जागा असतो."

"डॉक्टर म्हणाले, असा पेशंट क्वचितच येतो."

"म्हणजे लाखात एक. तुझ्या वडिलांनी जावई बघताच ओळखलं होतं."

"पुरे! शुद्धीवर आल्यावर पहिलं काय विचारलंत? दुकानाची किल्ली कुठे आहे!"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? रडत होते."

"रडत होतीस? मला वाटलं, भांडतेयस."

"दोन्ही करत होते. उठा, आपला नंबर आला. सावकाश. माझा हात धरा."