नऊ पाहुणे आणि एक आतडं

अहो, चाळीस वर्षं इथं जॉर्डनमध्ये, इर्बिदच्या जमीन-नोंदणी कचेरीत लोकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण असा प्रश्न कुणी विचारला नव्हता हो! ‘वारा सरला का?’ सकाळी डॉक्टर रनीम विचारते, दुपारी नर्स विचारते, फरशी पुसणारी बाईसुद्धा फडकं पिळता पिळता… काका, वारा सरला का? नाही सरला! खुब्याचं हाड मोडलं म्हणून आलो, हाड बसवलं, आणि चौथ्या दिवशी पोट असं फुगलं की मला माझीच पावलं दिसेनात! नाकात नळी, खाली नळी, तोंडाला पाण्याचा थेंब नाही. डॉक्टर म्हणते, ‘आत अडकलेलं काही नाही, आतडंच संपावर गेलंय.’ संपावर! मी जन्मात कधी गेलो नाही, आणि माझं आतडं…

एक्स-रेच्या फोटोत आतडं बारा सेंटिमीटर रुंद दिसलं. ‘आणखी ताणलं तर फाटेल, काका, आणि फाटलं तर…’ मग इंजेक्शन ठरलं. त्यानं नाडी एकदम उतरू शकते, म्हणून छातीला यंत्र, नर्सच्या हातात उताऱ्याची सुई तयार. नाहीच जमलं तर चाकू! औषध शिरेत जायला लागलं, आणि दार उघडलं… हाजी मिफ्लिह! गुरुवारी आपल्या मुलासाठी आमच्या धाकटीला मागणी घालायला येणार होते ना, तेच. झगे घालून, आठ वडीलधारे घेऊन, आजाऱ्याला भेटायला!

‘बाहेर व्हा!’ डॉक्टर ओरडली. आणि मी मूर्ख, जीव घशाशी आलेला, तरी तोंडून काय निघावं? ‘या या, बसा!’ झालं! ‘पोरी, अडचणीत पाठ फिरवणारं आमचं घराणं नाही,’ हाजी म्हणाले, आणि नऊच्या नऊ खाटेभोवती उभे!

नाडी साठ… बावन्न… सेहेचाळीस… आणि पोटात ढवळायला लागलं. ‘काका, सोडा!’ सोडा? नऊ पाहुण्यांसमोर? आमच्यात माणूस एक वेळ प्राण सोडेल! मी दात आवळले. घाम फुटला, यंत्र बोंबलायला लागलं. ‘काका, धरू नका, फाटेल!’ तेवढ्यात हाजींचे थोरले भाऊ वाकून विचारतात, ‘काय हो, वारा सरला का?’ तुम्हीही?

शेवटी उशाशी बसलेली आमची ही कडाडली, ‘अहो, हे स्थळ मोडलं तर पोरीला दुसरं बघेन, पण मला या वयात दुसरा नवरा कोण देणार?’

सोडला! तुम्हाला सांगतो, यंत्राचा आवाज ऐकू येईना… नऊ जण छताकडे बघतायत. पोट उतरतंय, नाडी चढतेय, डॉक्टर हसतेय की रडतेय कळेना. हाजींनी खाकरून म्हटलं, ‘अल्हम्दुलिल्लाह! व्याही, मुलगी आमची.’

वाटलं, सुटलो. तर डॉक्टर म्हणते, ‘अजून पुरतं रिकामं नाही हं. उद्या दुपारी तीनला दुसरं इंजेक्शन.’

‘काळजी नको,’ हाजी म्हणाले, ‘उद्या मुलाच्या मामांनाही आणतो. ते आज राहून गेले, वाईट वाटून घेतील.’

आता होणाऱ्या व्याह्याला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, आणा… फक्त तीनच्या आत या, नंतर काही बघायला उरणार नाही.